वरळीतील ‘मारुत’ आणि पंखभाराचे जुने गणित

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ‘एचएफ-२४ मारुत’ हे भारतात बनलेले लढाऊ विमान ठेवलेले आहे. सहलीला आलेल्या मुलांचे लक्ष त्याच्या टोकदार नाकाकडे जाते. परंतु त्याचे गुणदोष समजून घ्यायचे तर मागे झुकलेल्या पंखांकडे पाहावे लागते, आणि ते आखणाऱ्या कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याने हाच प्रश्न सुमारे वीस वर्षे आधी कसा सोडवला होता, तिथपर्यंत मागे जावे लागते.

विमानाच्या एकूण वजनाला पंखांच्या क्षेत्रफळाने भागले की येणारा आकडा म्हणजे पंखभार, अर्थात विंग लोडिंग. घरापासून गाळ्यापर्यंत सगळे चौरस फुटांत मोजणाऱ्या मुंबईकराला हा भागाकार वेगळा शिकवायला नको. पंखभार कमी असला की विमान मंद वेगातही हवेत टिकते, आखूड धावपट्टीवर उतरते आणि लहान वर्तुळात वळते. तो चौपट झाला तर, बाकी सारे तसेच राहिल्यास, ज्या वेगाखाली पंख वजन पेलू शकत नाहीत तो स्टॉलचा वेग दुप्पट होतो. मात्र मोठ्या पंखाला हवेचा रोधही जास्त होतो, आणि त्याची किंमत वेगात चुकवावी लागते.

पहिल्या महायुद्धातील तीन पंखांच्या ‘फोकर डीआर-१’चा पंखभार चौरस मीटरला जेमतेम ३१ किलो होता. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात भिडलेल्या विमानांपैकी ‘स्पिटफायर’चा सुमारे १२०, तर ‘मेसरश्मिट १०९’चा १६० च्या आसपास होता, ही उणीव भरून काढण्यासाठी जर्मनांनी पंखाच्या पुढच्या कडेला मंद वेगात आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या बसवल्या होत्या. जपानी ‘झिरो’ने चिलखत आणि सुरक्षित इंधनटाक्या वगळून हा आकडा ११० च्या आत ठेवला. अमेरिकी वैमानिकांनी मग त्याच्याशी वळणांची स्पर्धाच सोडून दिली आणि उंचीवरून सूर मारून, गोळीबार करून निघून जाण्याची पद्धत अवलंबली.

टांकच्या ‘फॉके-वुल्फ १९०’ची कथा अधिक बोधक आहे. त्याच्या पाचव्या नमुन्याला जड इंजिन बसवल्यावर सुमारे १५ चौरस मीटरचा मूळ पंख अपुरा वाटू लागला, म्हणून १८.३ चौरस मीटरचा नवा पंख देण्यात आला. त्यामुळे कमाल वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास घटला. चपळता आणि वर चढण्याची क्षमता मात्र सुधारली. सौदा स्वस्तातच पडला म्हणायचा. तरीही पंखभार २०० च्या वरच राहिला, आणि जून १९४२ मध्ये असे एक विमान चुकून वेल्समध्ये उतरल्यावर ब्रिटिशांनी ते तपासले, तेव्हा वळणाचे वर्तुळ सोडल्यास ते तेव्हाच्या ‘स्पिटफायर पाच’पेक्षा जवळपास सर्व बाबतींत सरस ठरले. पंखाने जे गमावले, ते दणकट इंजिनाने परत मिळवून दिले होते.

‘मारुत’च्या बाबतीत नेमके हेच घडले नाही. १९५६ मध्ये बंगळूरला आलेल्या टांकने ध्वनीपेक्षा वेगवान उड्डाणासाठी २८ चौरस मीटरचे पंख आखले, आणि सुमारे ९ टन वजनाला पंखभार ३०० च्या पुढे गेला. हे पंख ज्या जोरकस ‘ऑर्फियस’ इंजिनाच्या भरवशावर आखले होते, त्याचा विकास ब्रिटनमध्ये थांबला. कमी ताकदीची दोन इंजिने बसवावी लागली, आणि १७ जून १९६१ रोजी पहिले उड्डाण करणारे हे विमान सरळ पातळीत ध्वनीचा वेग ओलांडू शकले नाही.

मात्र जमिनीलगत वेगाने जाताना चढ्या पंखभाराचे विमान हवेच्या झोतांनी कमी हिंदकळते, त्यामुळे नेम स्थिर राहतो. हवाई द्वंद्वात जो दोष ठरला असता, तोच १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर जमिनीवरील लक्ष्यांवर मारा करताना ‘मारुत’च्या कामी आला.