ट्रॅपमधला सापळा कुठे गेला?

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरूका यांचं मिश्र स्कीटचं, म्हणजे उडत्या तबकड्यांवर स्त्रीपुरुष जोडीनं खेळायच्या नेमबाजीचं, कांस्यपदक चीनविरुद्ध ४३-४४ असं एका तबकडीनं हुकलं. त्या संध्याकाळी इंदुरात आमच्या घरी टीव्हीपुढे बसलेल्या भाचीनं विचारलं, "मामा, याच्याच जोडीच्या खेळाला ट्रॅप म्हणतात ना? मग यात सापळा कुठे असतो?" प्रश्न मला फार आवडला. उडत्या तबकड्यांवर नेम धरायला शिकणाऱ्याला जे जे विचित्र वाटतं, त्याचा उगम या एका शब्दाच्या मागेमागे गेलं की सापडतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जिवंत कबुतरांवर पैजा लावून गोळ्या झाडत. जमिनीत खड्डा करून त्यात कबूतर ठेवायचं, वर जुनी टोपी झाकायची आणि दोरीनं टोपी ओढली की पक्षी उडायचा, असं सांगतात. टोपीच्या जागी पुढे उघडझाप करणारी पेटी आली. तिला ट्रॅप म्हणत. नेमबाज तयार झाला की "पुल!", म्हणजे "ओढ!", असं ओरडे आणि दोरी धरून बसलेला माणूस ती खेचे. आज दोरीही नाही आणि तो माणूसही नाही. नेमबाजाचा आवाज मायक्रोफोन टिपतो आणि यंत्र त्याच क्षणी तबकडी फेकतं. हाक मात्र बहुतेक ठिकाणी तीच राहिली आहे.

मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरापाशी. अमेरिकेत या पैजांसाठी प्रवासी कबुतरं, म्हणजे 'पॅसेंजर पिजन' ही तिथली रानकबुतरं, हजारोंनी पकडून आणत. त्यांचे थवे आकाश झाकोळून टाकत, त्यामुळे ती कधी संपतील असं कुणाच्या मनातही येत नसे. १८७०च्या दशकात ॲडम बोगार्डस या नामांकित नेमबाजानं काचेचे पोकळ गोळे लोकप्रिय केले. काही गोळ्यांत पिसं भरलेली असत; गोळा फुटला की पिसं उडायची आणि बघणाऱ्याला पक्षीच पडल्यासारखं वाटायचं. पण मैदानभर काचांचा खच पडे. मग सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीनं १८८० साली मातीच्या तबकडीचं पेटंट घेतलं. मुलं पाण्यावर शिंपले भिरकावताना बघून त्याला ती सुचली, असं म्हणतात. सुरुवातीच्या तबकड्या इतक्या कडक भाजलेल्या असत की छरे लागूनही फुटत नसत, घंटेसारख्या वाजत. पुढे चुनखडीची पूड आणि डांबर यांचं मिश्रण आलं आणि ती अडचण सुटली. नाव मात्र 'क्ले पिजन', मातीचं कबूतर, हेच राहिलं.

त्याच सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मार्था नावाची मादी मेली. जगातलं ते शेवटचं प्रवासी कबूतर. या कबुतरांना संपवलं ते मुख्यतः मांसासाठीच्या शिकारीनं आणि जंगलतोडीनं. पैजांच्या मैदानांनी त्यात आपला वाटा घातला. मातीचं कबूतर त्यांच्यासाठी फार उशिरा आलं.

१९००च्या पॅरिसच्या खेळांत तबकड्यांबरोबर जिवंत कबुतरांचीही स्पर्धा झाली. बेल्जियमच्या लेऑन द लुंडेननं २१ पक्षी पाडून ती जिंकली. तो प्रकार ऑलिंपिकमध्ये पुन्हा आला नाही, आणि ब्रिटननं १९२१ साली कोंडलेले पक्षी सोडून त्यांच्यावर गोळ्या झाडण्यावर कायद्यानं बंदी घातली.

आजचा ऑलिंपिक ट्रॅप असा: समोर १५ मीटरवर जमिनीखाली खंदक, त्यात १५ यंत्रं. नेमबाजाच्या ५ जागा, प्रत्येक जागेच्या वाट्याला ३ यंत्रं, आणि त्यांतलं कुठलं चालेल हे आधी कळत नाही. तबकडी ११० मिलिमीटर रुंद, साधारण १०५ ग्रॅम वजनाची. दूर पळत जाते, डावीकडे, उजवीकडे किंवा सरळ. काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छरे. पात्रता फेरीत एका तबकडीवर दोनदा गोळी झाडता येते, म्हणून दुनळी बंदूक. तिला बाराबोअर म्हणतात, तो शब्दही जुनाच: शिशाच्या एका पौंडाचे सारखे १२ गोळे केले तर एकेक गोळा जेवढा होईल, तेवढी नळीची रुंदी. नवशिक्याला सगळ्यांत अवघड जातं ते तबकडीच्या पुढे नेम धरून बंदूक फिरती ठेवणं. घोडा दाबताना हात थांबला की छरे मागून जातात. पतंगाला ढील देताना ज्याचे हात आपोआप चालतात, त्याला हे लवकर उमजेल असं मला वाटतं.

स्कीटची गोष्ट वेगळी. १९२०च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला चार्ल्स डेव्हिसनं शिकारीच्या सरावासाठी घड्याळासारखं गोल मैदान आखलं. शेजारी कोंबड्या पाळल्या जाऊ लागल्या आणि त्या बाजूला गोळ्या झाडणं अशक्य झालं. म्हणून वर्तुळ अर्धं केलं आणि दुसऱ्या टोकालाही यंत्र बसवलं. आजचे उंच आणि बुटके असे दोन मनोरे त्यातून आले, आणि तबकड्या समोरून आडव्या जातात त्याही त्यामुळेच. ऑलिंपिकमध्ये स्कीट १९६८ साली आलं. १९९२ला बार्सिलोनात स्त्रीपुरुषांच्या एकत्र स्पर्धेत चीनच्या झांग शाननं सुवर्ण जिंकलं. पुढच्या १९९६च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना स्कीटच नव्हतं; २०००मध्ये त्यांची स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली. तो अन्याय मला आजही बोचतो.

आपल्याकडे हा खेळ राजवाड्यांतून आला. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंग पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपचं रौप्य मिळवलं. १९७८ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत रणधीरसिंग यांनी सुवर्ण जिंकलं. २००४मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंग राठोड यांचं रौप्य आलं ते डबल ट्रॅपमध्ये, जिथे दोन तबकड्या एकदम सुटतात. हा प्रकार २०१६नंतर ऑलिंपिकमधून गेला. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आणि त्यातल्या १९९१च्या दुरुस्तीनं बंदुकीला पक्ष्याकडे वळायची वाट जवळपास बंद झाली. होळकरांची शिकारगाह जिथे होती ते इंदूरजवळचं रालामंडल आज अभयारण्य आहे, आणि इंदुरातला सिरपूरचा तलाव २०२२पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आहे.

राजवाड्यांचं दार आता पुष्कळ उघडलं आहे. भोपाळजवळच्या गोरेगावच्या मच्छीमार घरातली मनीषा कीर तिथल्या राज्य अकादमीत ट्रॅप शिकली. आपल्या इंदुरापासून तासाभराच्या आत असलेल्या महूच्या सैन्य नेमबाजी केंद्रात इटारसीची प्रीती रजक सराव करते. २०२४च्या जानेवारीत ती सैन्यातली पहिली महिला सुभेदार झाली. दोघी २०२३ला हांगझोऊत झालेल्या आशियाई स्पर्धेत ट्रॅपचं सांघिक रौप्य जिंकलेल्या संघात होत्या.

भाचीला मी सध्या एकच काम दिलं आहे. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये बोटभर फट ठेवायची, त्यातून सिरपूरच्या काठावरचा एखादा बगळा बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं बगळा जागेवर दिसतो, तो तिचा नेमाचा डोळा. तिचा डावा निघाला, आणि ती लिहिते उजव्या हातानं. आता बंदूक कुठल्या खांद्याला लावायची, हे पहिल्या दिवशी प्रशिक्षकाला विचारायचं आहे.