मर्यादाभंगाचे कथासाहित्य आणि धक्कातंत्र

समाजाने बोलायचे नाही असे ठरवून टाकलेले विषय मुद्दाम मध्यभागी आणणाऱ्या, आणि त्यांच्याकडे निषेधाचा वा पश्चात्तापाचा सूर न लावता पाहणाऱ्या कथा-कादंबऱ्यांना मर्यादाभंगाचे कथासाहित्य म्हणतात. हिंसा, निषिद्ध मानलेली कामवासना, व्यसन, शरीराची विटंबना आणि आत्मनाश हे त्याचे नेहमीचे विषय होत. रहस्यकथेत खून पडतो आणि भयकथेत प्रेत उठते, परंतु त्या प्रकारांत शेवटी घडी पुन्हा बसते किंवा निदान ती बसावी अशी आस तरी टिकून राहते. या साहित्यात ती हमी काढून घेतलेली असते. त्यामुळे वाचकाला बसणारा धक्का हा इथे आनुषंगिक परिणाम नसून रचनेचाच भाग असतो, आणि तो सार्थकी लागला की वाया गेला हा या साहित्याच्या समीक्षेतील मध्यवर्ती प्रश्न ठरतो. मराठीत ‘धक्कातंत्र’ हा शब्द बहुधा कुत्सितपणे वापरला जातो. या नोंदीत तो फक्त तंत्राचे नाव म्हणून घेतला आहे.

या प्रकाराचे ‘ट्रान्सग्रेसिव्ह फिक्शन’ हे इंग्रजी नाव रूढ झाले ते अमेरिकेतील रेडिओवरील एका साहित्यविषयक कार्यक्रमाचे सूत्रसंचालक मायकल सिल्वरब्लॅट यांनी १९९३ मध्ये ‘लॉस अँजेलिस टाइम्स’मध्ये लिहिलेल्या लेखामुळे. प्रश्न मात्र फार जुना आहे आणि संस्कृत साहित्यशास्त्राने तो आधुनिक समीक्षेपेक्षा काहीशा नेमकेपणाने मांडलेला आहे. नाट्यशास्त्रकार भरताने जुगुप्सा म्हणजे किळस हा स्थायिभाव (रसाच्या मुळाशी असलेली भावना) असलेल्या बीभत्साला आठ रसांत स्थान दिले आणि रक्तादिकांपासून उत्पन्न होणारा तो क्षोभज, विष्ठा व कृमी यांपासून होणारा तो उद्वेगी, असा भेदही केला. दुसरीकडे काव्यशास्त्रकार मम्मटाने अश्लीलत्व हा काव्यदोष मानून त्याचे व्रीडा म्हणजे लज्जा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार सांगितले. म्हणजे तीच जुगुप्सा एके ठिकाणी रसाचा पाया आहे, तर दुसऱ्या ठिकाणी दोष. बीभत्साचे उदाहरण म्हणून मम्मटाने भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकातील स्मशानाचा श्लोक घेतला आहे, त्यात एक पिशाच मांडीवरच्या प्रेताची कातडी सोलून सोलून आधी खांदे, नितंब, पाठ इथले सहज हाती लागणारे मांस खाते आणि मग हाडांच्या खाचाखोचांत अडकलेलेही ‘अव्यग्र’ म्हणजे अगदी निवांतपणे खाते. अंगावर काटा येतो तो मांसाच्या वर्णनाने तितका नाही, जितका या एका क्रियाविशेषणाने येतो. शिवाय कवी त्या पिशाचाला ‘प्रेतरंक’ म्हणतो, म्हणजे भुतांमधला कंगाल. त्या शब्दासरशी किळसेच्या खालून भूक दिसू लागते. अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरे कारण नाही, हे काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाचे मत याच संदर्भात उपयोगी पडते, कारण त्यात औचित्य विषयाचे नसून त्या विषयाच्या त्या ठिकाणी असण्याचे आहे. ॲरिस्टॉटलनेही भय आणि करुणा केवळ डोळ्यांपुढच्या देखाव्याच्या जोरावर निर्माण करणे हे कथानकाच्या बांधणीतून निर्माण करण्यापेक्षा खालच्या दर्जाचे मानले होते.

विसाव्या शतकात या साहित्याला वैचारिक बैठक दिली ती मुख्यतः फ्रेंच लेखक-विचारवंत झॉर्झ बाताय यांनी. मर्यादा ओलांडल्याने निषेध नाहीसा होत नाही, उलट ओलांडण्याच्या कृतीतच तो पूर्णत्वाला जातो, अशी त्यांची भूमिका होती. फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फूको यांनी १९६३ च्या निबंधात हा विचार पुढे नेला: मर्यादा आणि तिचे उल्लंघन यांना एकमेकांवाचून अस्तित्व नाही. या भूमिकेतून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो, जो तिचे समर्थक फारसा बोलून दाखवत नाहीत. धक्का हा नाशवंत माल आहे. ज्या मर्यादेच्या आधाराने तो उभा असतो ती सैल झाली की तोही विरतो, आणि नंतरच्या वाचकासाठी पुस्तकात दुसरे काही उरले आहे की नाही हे तेव्हाच कळते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण गुस्ताव्ह फ्लोबेर यांच्या ‘मादाम बोव्हारी’ या फ्रेंच कादंबरीवर १८५७ मध्ये पॅरिसमध्ये चाललेला खटला आहे. विवाहबाह्य संबंधानंतर आरशासमोर उभी राहिलेली नायिका एम्मा ‘मला प्रियकर आहे’ हे स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हणत हरखून जाते, या भागावर सरकारी वकील एर्नेस्ट पिनार यांनी बोट ठेवले आणि हा व्यभिचाराचा गौरव आहे असे प्रतिपादन केले. हरखणे एम्माचे होते, फ्लोबेर यांचे नव्हे. परंतु निवेदक तिच्या मनात शिरून तिच्याच शब्दांत बोलत होता आणि ‘ती चुकते आहे’ असे सांगणारा दुसरा आवाज कादंबरीत कुठेच नव्हता. पात्राच्या विचाराला लेखकाचे मत समजण्याची चूक पिनार यांच्याकडून झाली हे खरे, पण ती चूक त्यांना करता आली यातच या लेखनाचे नवेपण होते. जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजाचा, म्हणजे वाचक आधीच्या वाचनातून ज्या अपेक्षा घेऊन पुस्तकाकडे येतो त्यांचा, सिद्धांत मांडताना हाच खटला वापरला आणि त्या काळी वाचकांना खरा हादरा बसला तो विषयाचा नव्हे, निवेदनपद्धतीचा, असे दाखवून दिले. फ्लोबेर निर्दोष सुटले. त्याच वर्षी त्याच पिनार यांनी चालवलेल्या दुसऱ्या खटल्यात मात्र कवी शार्ल बोदलेर यांना दंड झाला आणि त्यांच्या सहा कवितांवर घातलेली बंदी १९४९ मध्ये उठली. आज व्यभिचाराचे वर्णन कोणाला हादरवत नाही, आरशासमोरची एम्मा मात्र अजूनही अस्वस्थ करते, कारण तिच्या आनंदाचे काय करायचे ते लेखक सांगत नाही.

याच्या उलट टोकाला फ्रेंच लेखक मार्की द साद यांचे ‘सोडोमचे १२० दिवस’ उभे आहे. हे लेखन १७८५ मध्ये पॅरिसमधील बास्तीयच्या तुरुंगात सुमारे बारा मीटर लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर झाले आणि ते प्रथम छापले गेले १९०४ मध्ये. चार भागांत प्रत्येकी दीडशे याप्रमाणे सहाशे विकृतींची चढती भाजणी अशी त्याची योजना होती. त्यांपैकी पहिलाच भाग विस्ताराने लिहिला गेला आणि उरलेले तीन क्रमांक घातलेल्या टिपणांच्या रूपात राहिले. अपूर्णतेचे कारण परिस्थितीत शोधता येते, परंतु वाचताना असे जाणवते की या साहित्याची ती स्वाभाविक परिणती असावी. प्रत्येक प्रसंगाने आधीच्यावर कडी करायची असा नियम एकदा पत्करला की वर्णन आटत जाते, माणसे नावापुरती उरतात आणि शेवटी यादी उरते. किळस अशा ठिकाणी संपते आणि तिची जागा कंटाळा घेतो. तिसऱ्या-चौथ्या अत्याचारानंतर वाचक पाने भराभर उलटू लागला तर तो त्याच्या संवेदनशीलतेचा दोष नसून रचनेविषयीचा पुरावा असतो.

कंटाळा हेच साधन करता येते काय, हा प्रश्न ब्रेट ईस्टन एलिस यांच्या ‘अमेरिकन सायको’ने उपस्थित केला. मूळ प्रकाशकाने १९९० च्या अखेरीस अंग काढून घेतल्यावर ही कादंबरी १९९१ मध्ये दुसरीकडून प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक कपड्यांच्या कंपन्यांची नावे, जेवणाची ठिकाणे आणि गायकांच्या ध्वनिमुद्रिका यांची वर्णने ज्या सपाट, हिशेबी स्वरात करतो त्याच स्वरात छळाची आणि खुनांची वर्णने करतो. कोट आणि प्रेत यांच्यासाठी एकच वाक्यरचना वापरली जाते, आणि हेच या पुस्तकाचे म्हणणे आहे. ते पहिल्या शंभर पानांत पुरेसे पोचते असे एक मत आहे, आणि त्यात तथ्य आहे; पुढील प्रसंगांची तपशीलवार क्रूरता त्या म्हणण्यात भर घालते की फक्त त्याचा आवाज वाढवते, यावर वाचकांचे एकमत झालेले नाही. या प्रसंगांत बळी बहुशः स्त्रिया आहेत आणि उपरोध मात्र पुरुषांच्या जगावर आहे, हा स्त्रीवादी आक्षेपही केवळ ‘निवेदक म्हणजे लेखक नव्हे’ या उत्तराने निकालात निघत नाही. ते उत्तर फ्लोबेर यांच्या बाबतीत पुरते, कारण तिथे निवेदनात एम्माविषयीचे ज्ञान वाचकाकडे तिच्यापेक्षा जास्त असते. जिथे तसे जास्तीचे काहीच मिळत नाही, तिथे उपरोधाचा दावा ही लेखकाची ढाल होऊन बसते.

थोड्या शब्दांत धक्का कसा उभा राहतो हे पाहायचे तर सआदत हसन मंटो यांची १९४८ मधील ‘खोल दो’ ही कथा घ्यावी. फाळणीच्या धामधुमीत बाप सिराजुद्दीन याची मुलगी सकीना हरवते. तिला शोधून आणण्याचे आश्वासन देणारे स्वयंसेवक तरुण तिला गाठतात, पण पुढे काय झाले ते कथा सांगत नाही. शेवटी एका दवाखान्यात बेशुद्ध देह आणला जातो. डॉक्टर खिडकीकडे बोट दाखवून ती उघडायला सांगतात, आणि ‘खोल दो’ हे शब्द कानी पडताच त्या निर्जीवप्राय मुलीचे हात स्वतःच्या सलवारीची नाडी सोडू लागतात. बाप आनंदाने ओरडतो की मुलगी जिवंत आहे; डॉक्टर घामाने चिंब होतात. अत्याचाराचे एकही दृश्य नाही. आज्ञा खिडकीसाठी होती, पाळली गेली ती भलत्याच अर्थाने, आणि एवढ्यावरून मधल्या दिवसांत ती आज्ञा किती वेळा दिली गेली असेल हे वाचकाला स्वतःच मोजावे लागते. बाप आणि डॉक्टर एकच हालचाल पाहतात. एकाला तिच्यात जीव दिसतो आणि दुसऱ्याला बाकी सगळे. ही कथा छापल्याबद्दल लाहोरचे ‘नुकूश’ मासिक सहा महिने बंद ठेवण्यात आले होते.

धक्क्याची परीक्षा दुसऱ्या वाचनात होते असे म्हणतात ते या कथेवरून पटते. शेवट ठाऊक असताना ती वाचली की स्वयंसेवकांची सौजन्याची वाक्ये असह्य होतात; म्हणजे अनपेक्षितपणा गेला तरी धक्का गेला नाही, तो मागे सरकून कथाभर पसरला. जिथे फक्त अनपेक्षितपणाच होता तिथे दुसऱ्या वाचनात हाती काही लागत नाही. शारीरिक प्रतिक्रियेला पुरावा मानणे मात्र धोक्याचे असते. अमेरिकी लेखक चक पालानियुक यांची ‘गट्स’ ही कथा ते जाहीर वाचनांत वाचत असताना श्रोते भोवळ येऊन पडल्याचे वृत्तांत प्रसिद्ध आहेत. भोवळ रक्त काढताना पाहूनही येते. उलट, पोटात ढवळले म्हणून लेखन वाईट असेही होत नाही. जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’वरील अमेरिकी खटल्यात न्यायाधीश जॉन वूल्सी यांनी १९३३ मध्ये त्या कादंबरीचा परिणाम काही ठिकाणी वांती आणणारा असला तरी कुठेही कामोद्दीपक नाही असे नमूद करून तिला मोकळीक दिली होती.

वाचकाने स्वतःच्या प्रतिक्रियेत किळस, नैतिक आक्षेप आणि कंटाळा या तीन गोष्टी वेगळ्या ओळखणे आवश्यक असते, कारण त्या सहसा एकाच शब्दात, ‘वाचवत नाही’ असे म्हणून, सांगितल्या जातात. किळस शरीराची आहे आणि ती लेखकाला हवीच असू शकते. नैतिक आक्षेपाचा रोख बहुधा घटनेवर नसून घटनेकडे पाहण्याच्या जागेवर असतो: वाचकाला बळीच्या बाजूला उभे केले आहे, मारणाऱ्याच्या मागे, की नुसत्या गर्दीत? पुस्तक मिटून ठेवण्याचा अधिकार वाचकाला नेहमीच असतो. अर्धवट वाचलेल्या पुस्तकावर निकाल देण्याचा अधिकार मात्र त्यातून आपोआप मिळत नाही.

हा शेवटचा मुद्दा कायद्यालाही टाळता आलेला नाही. इंग्लंडमधील १८६८ च्या हिकलिन निकालाने सुटा उताराही अश्लीलतेच्या निर्णयाला पुरेसा ठरवला होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याविरुद्ध निकाल देताना तीच कसोटी काही फेरफारांसह स्वीकारली, आणि २०१४ मध्ये ती बाजूला सारून समकालीन सामाजिक मानदंडाची कसोटी घेतली. दरम्यान १९६९ मध्ये, चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘शामा’ या मराठी कथेच्या प्रकरणात, याच न्यायालयाने लेखकाला दोषमुक्त केले. कामजीवनाचा नुसता उल्लेख अश्लील मानला तर किशोरवयीनांना निव्वळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, अशा आशयाचे निरीक्षण त्या निकालात आहे. मराठीत याहून मोठे वादळ भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ या कादंबरीवर उठले, आणि तिथे फ्लोबेर यांच्या प्रकरणाशी साम्य दिसते: नाक्यावरच्या पोरांनी काय केले यापेक्षा ते त्यांच्याच बोलीत, मध्ये कोणी सभ्य निवेदक न आणता सांगितले, याचा राग मोठा होता.

पूर्ण पुस्तक वाचल्याखेरीज निर्णय नाही हे मान्य केले तरी पूर्ण पुस्तक कोणते हा प्रश्न कधीकधी उरतो. अँथनी बर्जेस यांच्या १९६२ मधील ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’मध्ये एकवीस प्रकरणे होती, आणि शेवटच्या प्रकरणात हिंस्र निवेदक वयाबरोबर हिंसेला कंटाळतो. अमेरिकी आवृत्तीत हे प्रकरण १९८६ पर्यंत नव्हते. त्यामुळे जवळजवळ पाव शतक अटलांटिकच्या दोन बाजूंचे वाचक एकाच नावाच्या पुस्तकातील त्याच मारहाणी वाचत होते, आणि त्या कशासाठी होत्या याची दोन निरनिराळी उत्तरे त्यांच्या हाती होती.