उकळलं म्हणजे बोअरचं पाणी निर्धोक?

'बोअरचं पाणी उकळून प्या, सगळे दोष जातात' हा निरोप दर उन्हाळ्यात फिरतो. तो निम्मा खरा आहे. खळखळून उकळल्यावर जंतू मरतात, त्यामुळे गॅस्ट्रो, कावीळ टाळायला उकळणं योग्यच. पण फ्लोराइड आणि नायट्रेट हे विरघळलेले क्षार. ते वाफेबरोबर उडत नाहीत.

हिशोब करून बघा. १० लिटर पाण्यात लिटरमागे १.६ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. उकळून ८ लिटर उरलं, की तेच प्रमाण साधारण २ वर जातं. मर्यादा १.५ ची. नांदेडच्या किनवट भागात दातांवरचे पिवळे-तपकिरी डाग आणि आखडलेले सांधे याच फ्लोराइडमुळे दिसतात. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. त्याहून जास्त असेल तर बाळाची दूध पावडर त्या पाण्यात कालवूच नका, उकळूनही नाही.

चव, रंग किंवा टीडीएस मीटर (एकूण विरघळलेले क्षार दाखवणारं यंत्र) यावरून फ्लोराइड कळत नाही. मोटार दहा मिनिटं चालू ठेवा, प्लास्टिकची लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा, वर गाव आणि तारीख लिहा, आणि जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. अर्जात 'फ्लोराइड, नायट्रेट' स्पष्ट लिहा, नाहीतर फक्त जंतूंची तपासणी होऊन येऊ शकते.