युवा फुटबॉल विकास (खानदेश)

युवा फुटबॉल विकास म्हणजे साधारण 6 ते 18 वयाच्या पोरापोरींना वयाप्रमाणे टप्प्याटप्प्याने फुटबॉल शिकवणं आणि त्यांना वर्षभर खेळायला पुरेशा मॅचेस मिळवून देणं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत यातला दुसरा भाग फार कच्चा राहिलाय. पोरं आहेत, सातपुड्यातल्या पोरांचा दमसास तर बघत राहावा असा, पण मॅच कुठंय?

रचना बघितली तर वर ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन (स्थापना 1937), महाराष्ट्रापुरती वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफा, तिच्याखाली जिल्हा संघटना आणि मग क्लब. शाळेची लाईन वेगळी, ती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून चालते, 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट, तालुका मग जिल्हा मग नाशिक विभाग मग राज्य. 1960 पासून चालू असलेला सुब्रतो कप पण शाळांचाच. बहुतेक ठिकाणी खालच्या पातळीवर या स्पर्धा नॉकआउट असतात आणि खरी गोम तिथंच आहे. 16 टीमची नॉकआउट घेतली की पहिल्याच राउंडला 8 टीम घरी जातात. धडगावकडून पहाटे जीपने निघून नंदुरबारला आलेली टीम 3-0 ने हरली की डबा खायचा आणि परत फिरायचं, झाला सीझन. अशा एका मॅचवरून कुठल्या पोरात काय आहे हे कोणालाच कळत नाही, कोचला नाही, सिलेक्टरला नाही, आणि त्या पोराला स्वतःला तर नाहीच.

म्हणून जिल्हा संघटनेचं पहिलं काम ट्रायल घेणं नाही तर लीग लावणं, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. 6 टीमची दुहेरी लीग असली, म्हणजे प्रत्येक टीम बाकी सगळ्यांशी दोनदा खेळली, तर प्रत्येक टीमला 10 मॅच मिळतात, एकूण 30, रविवारी सकाळी तीन-तीन घेतल्या तरी 10 रविवारात आटोपतं. कोल्हापूरला तालमींच्या टीम आहेत, शाहू स्टेडियमवर लीग होते, पोरं लहानपणापासून गर्दीत उभं राहून ते बघतात, आणि 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपला तिथला अनिकेत जाधव भारताकडून खेळला तो काही आभाळातून पडला नव्हता.

लहान वयात पूर्ण ग्राउंड, 11-11 ची टीम हा प्रकार बंदच व्हायला हवा. मोठा गोलपोस्ट 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो, त्यात 9 वर्षांचा गोली उभा केला की बॉल त्याच्या डोक्यावरून जातो आणि बाहेरून कोणीतरी ओरडतं, काय करी राह्यना रे! पोरगं रडवेलं होतं, पुढच्या रविवारी येतच नाही. फेडरेशनने 2018 मध्ये गोल्डन बेबी लीग आणली ती यासाठीच, छोटं ग्राउंड, कमी खेळाडू, पोरंपोरी एकत्र. 5-5 मध्ये प्रत्येकाच्या पायाला बॉल लागतो, मग 7-7, मग 9-9, आणि 13 च्या आसपास 11-11. बॉलसुद्धा आधी 3 नंबरचा, मग 4 नंबर, आणि 5 नंबर अगदी शेवटी.

सीझन ठरवताना खानदेशचं हवामान आणि शेती बघावीच लागते. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा 44-45 ला जातो, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला असा चिकटतो की पाय उचलत नाही, राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण तेव्हाच कापूस वेचणी असते आणि नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यामुळे तिकडची लीग आश्रमशाळांच्या भोवती बांधणं बरं, पोरं तिथं निवासी असतात, आणि नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल हे आदिवासी विकासचे प्रकल्प कार्यालयं सोबत घेतली तर प्रवासाचं पण काहीतरी जमतं. शहरात ग्राउंडचा प्रश्न वेगळा, जळगावच्या शिवतीर्थ मैदानासारखी जागा सभा-प्रदर्शनात अडकते, तर वर्षाच्या सुरुवातीलाच लीगच्या तारखा लेखी घेऊन ठेवाव्यात.

वयाची भानगड सगळ्यात नाजूक. फुटबॉलमध्ये गट साधारणपणे 1 जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेलं पोरगं त्याच वर्षीच्या डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षभराने मोठं असतं, ते दांडगं दिसतं म्हणून निवडलं जातं आणि बारकं पण हुशार पोरगं बाजूला पडतं. आपल्याकडे त्यात शाळेच्या दाखल्यावरचा 1 जून! गुरुजींनी अंदाजे टाकलेली ती तारीख अर्ध्या वर्गाची असते, तिच्यावर काय गट पाडणार. वय लपवतात म्हणून फिफाने 2009 च्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपपासून मनगटाचा एमआरआय (हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज) चालू केला, ते तालुक्यात परवडणारं नाही. त्यापेक्षा पोरगं 7-8 वर्षांचं असतानाच जन्मनोंदणीचा दाखला बघून क्लबने रजिस्ट्रेशन करावं, त्या वयात खोटं सांगण्यात कोणाचाच फायदा नसतो.

कोचचं लायसन्स डी पासून चढत सी, बी, ए आणि प्रो पर्यंत जातं. कोर्स मुंबई-पुण्याला असला तर नवापूरच्या पीटीच्या सरांना प्रवास, मुक्काम, रजा सगळं पदरचं, मग ते जातील कशाला? निदान डी चा कोर्स वर्षातून एकदा जळगावला किंवा नंदुरबारला व्हावा यासाठी जिल्हा संघटनांनी मिळून विफाच्या मागे लागायला हवं, आणि त्यात आश्रमशाळेच्या बाया शिक्षिका आवर्जून घ्याव्यात, कारण सोबत बाई नसली तर आईबाप पोरीला परगावच्या मॅचला पाठवत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

क्लबला यातून काय मिळतं हे कोणी सांगत नाही. फिफाच्या नियमात 12 ते 23 वयात खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांसाठी आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरच्या (खेळाडू एका देशातल्या क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला की मोजतात त्या) रकमेतून 5 टक्के ठेवलेत, 12 ते 15 च्या प्रत्येक सीझनला रकमेच्या 0.25 टक्के आणि 16 ते 23 च्या प्रत्येक सीझनला 0.5 टक्के. फेडरेशनच्या ऑनलाइन सिस्टीममध्ये पोराची नोंद त्या त्या वर्षी आपल्या क्लबच्या नावावर असली तरच हक्क सांगता येतो, वहीत लिहिलेली हजेरी तिथं चालत नाही.