आईची सावली आणि ड जीवनसत्त्व

आईच्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा घरात कुणाचा विश्वासच बसेना. ड जीवनसत्त्व ९. निदान २० तरी हवं. "अहो, रोज सकाळी सात वाजता अर्धा तास ऊन खाते मी. एक दिवस चुकवत नाही," आई डॉक्टरांना म्हणाली. ते खरंच होतं. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिलं. अंगात लांब बाह्यांचा स्वेटर, बाल्कनीला सरकती काच ओढलेली आणि तिची सावली फरशीवरून लांबत जाऊन मागच्या भिंतीवर चढलेली.

कोवळं ऊन हाडांना चांगलं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. तेल लावून न्हाऊ-माखू घातलेली बाळंही त्याच उन्हात ठेवतात. कोवळं ऊन सुखाचं असतं, पण ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते जवळपास रिकामं असतं.

हाड म्हणजे कॅल्शियमचा दांडा नव्हे. कोलॅजन या प्रथिनाची जाळी आणि तिच्यात बसवलेलं कॅल्शियम-फॉस्फेट, असं ते बांधकाम आहे. जाळी घट्ट विणायला क जीवनसत्त्व लागतं, हाडातल्या ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनाला कॅल्शियम धरता यावं म्हणून के जीवनसत्त्व लागतं. पण मुळात कॅल्शियम आतड्यातून रक्तात आलंच नाही तर पुढचं सगळं अडतं, आणि ते आणायचं काम ड चं. ड पुरेसं नसेल तर अन्नातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १०-१५ टक्के शोषलं जातं, असेल तर ३०-४० टक्के. रक्तातलं कॅल्शियम मात्र घसरून चालत नाही, कारण हृदयाचे ठोके त्यावर अवलंबून असतात. मग गळ्यातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतली ठेव मोडायला लावतात. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन भागत नाही ते यामुळे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलचा एक सख्खा भाऊ असतो, ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल. त्याच्या रेणूत कार्बनच्या चार कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीची अतिनील लहर, म्हणजे यूव्हीबी, त्यावर आदळली की दुसऱ्या कडीतला एक बंध तुटतो आणि कडी उघडते. पुढे सूर्याची गरज नाही. अंगाच्या उबेने तो उघडा रेणू काही तासांत हळूहळू वळून ड-३ होतो. यकृतात त्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटते, मूत्रपिंडात दुसरी. तेव्हा कुठे तो कामाला लागतो. आतड्याच्या पेशींच्या केंद्रकात शिरून तो कॅल्शियम आत घेणारी प्रथिनं बनवायचा हुकूम देतो. म्हणजे नाव जीवनसत्त्व असलं तरी वागणं संप्रेरकाचं.

हे रक्तातून फिरतं, याची झलक बर्लिनमध्ये मिळाली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तिथली उपाशी मुलं मुडदुसाने, म्हणजे ड कमी पडून हाडं मऊ होण्याच्या आजाराने, वाकली होती. कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी त्यांना पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश दिला आणि १९१९ मध्ये निष्कर्ष छापले: हाडं भरून येत होती. प्रकाश एकाच हातावर पाडला तरी एक्स-रेत दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलेलं दिसलं! आपल्याकडे अशा मुलांची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढत बसलेली घरं मी लहानपणी पाहिली आहेत. त्या पोरांचे पाय दृष्ट काढून सरळ होणार नव्हते.

यूव्हीबी सकाळी का नसतो? कारण ओझोन. समजा, माथ्यावरच्या सूर्याच्या अशा दर तीन किरणांपैकी एक ओझोनमधून पार होतो. सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर असला की किरण तिरके येतात आणि त्यांना जवळपास चौपट जाडीचा थर ओलांडावा लागतो. म्हणजे एक-तृतीयांशाचा एक-तृतीयांश, असं चार वेळा. ८१ मधला एक. त्यातून उरलेला खिडकीची काच अडवते, कारण साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही.

यावर एक सोपी खूण आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा सूर्य ४५ अंशांच्या वर असतो आणि कातडीत ड बऱ्यापैकी बनतं. पुण्यात २२ डिसेंबरलासुद्धा माध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांवर असतो, पाच फुटी बाईची सावली साडेचार फूट पडते. त्याच दिवशी बर्लिनमध्ये ती वीस फूट पडेल. म्हणजे आपल्याला बाराही महिने ऊन आहे, फक्त आपण त्या वेळी घरात असतो. पूर्वी बायका दुपारी गच्चीवर कुरडया-पापडांची वाळवणं राखत बसायच्या, ते ऊन कामाचं होतं.

मे महिन्यात याचा अतिरेक नको. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ, कातडी चुरचुरायच्या आत सावलीत यायचं. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण मेलॅनिनही यूव्हीबी शोषतं. तान्ह्या बाळाला मात्र भर उन्हात ठेवू नये, बालरोगतज्ज्ञ रोज ४०० युनिटचे थेंब देतात ते द्यावेत.

आणि ती ६०,००० युनिटची पुडी. डॉक्टरांनी सांगितले तेवढे आठवडे जरूर घ्यावी. पण "ताकद येते" म्हणून दुकानातून आणून वर्षानुवर्षं खाणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यांची काळजी वाटते. ड चरबीत साठतं. ते फार झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. उन्हाने असं होत नाही. जास्त ऊन लागलं तर तो उघडा रेणू पुन्हा प्रकाश शोषून निरुपयोगी रूपांत बदलतो. पुडीला असा लगाम नाही.

आईला पुड्या सुरू आहेत. शिवाय आता ती अकरा वाजता गच्चीवर जाते, बाह्या कोपरापर्यंत सारून. परवा मी टेपने तिची सावली मोजली. पावणेचार फूट.