आधी इंजिन बंद करा

क्लच दाबला की कुईं, सोडला की पुन्हा कुईं. संध्याकाळी सातला सिंहगड रस्त्यावरून गाडी चालवायची म्हणजे दर दहा सेकंदांनी क्लच, आणि दर क्लचला दोनदा कुईं. बायकोने आठवडाभर ऐकून घेतलं. मग विचारलं, "हा उंदीर तू पाळलायस का?"

गॅरेजमधल्या मुलाने गाडीची एक चक्कर मारली आणि निकाल दिला. "रिलीज बेअरिंग गेलंय साहेब. गिअरबॉक्स उतरवायला लागेल. आणि उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट, सगळा सेटच टाकून घ्या." मजुरी धरून चौदा हजार. त्याला खोटं पाडायचं मला काही कारण नव्हतं, रिलीज बेअरिंग खरोखरच आवाज करतं. पण एक गोष्ट त्याने केली नव्हती. इंजिन बंद करून त्याने पेडल एकदाही दाबून पाहिलं नव्हतं.

क्लचच्या बाबतीत आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, याला जास्त महत्त्व आहे. किरकिर, घरघर, खरखर या शब्दांवर दोन माणसांचं एकमत होणं अवघड. "इंजिन बंद असताना येतो का?" या प्रश्नाचं उत्तर मात्र हो किंवा नाही, एवढंच असतं. आणि क्लचची रचनाच अशी आहे की पेडलच्या प्रत्येक स्थितीत वेगवेगळे भाग फिरत असतात.

इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं. त्यावर प्रेशर प्लेट बोल्टने घट्ट बसवलेली असते, आणि या दोघांच्या मध्ये सँडविचमधल्या काकडीसारखी क्लच प्लेट दाबून धरलेली असते. क्लच प्लेटच्या मधून गिअरबॉक्सचा दांडा, म्हणजे इनपुट शाफ्ट, जातो. पाय पेडलवर नसतो तेव्हा एक मोठी, बशीच्या आकाराची स्प्रिंग हे सगळं आवळून ठेवते, म्हणून इंजिन फिरलं की शाफ्टही फिरतो. पेडल दाबलं की फोर्क नावाचा चिमटा रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, ते बशीच्या मध्यावर दाब देतं, बशी उलटी वाकते आणि क्लच प्लेट मोकळी होते. पेडल स्थिर आणि बशी मिनिटाला आठशे फेऱ्यांनी फिरणारी; या दोघांची गाठ घालून देण्याचं काम त्या एका बेअरिंगचं.

आता गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि कान द्या. पेडल मोकळं असताना घरघर येते आणि पूर्ण दाबल्यावर थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, कारण पेडल दाबल्यावर फिरायचा थांबतो तो हाच शाफ्ट. उलट, पेडल दाबल्यावरच घरघर सुरू होते आणि दाब वाढेल तशी वाढते, तर दोषी रिलीज बेअरिंग. पेडलला नुसता पाय टेकवला, एवढा की क्लच सुटणारही नाही, आणि चिवचिव बंद झाली, तर फोर्क किंवा बेअरिंग सैल होऊन थरथरत असण्याची शक्यता मोठी. काही गाड्यांत शाफ्टचं पुढचं टोक इंजिनच्या क्रँकशाफ्टमधल्या एका छोट्या बेअरिंगमध्ये टेकलेलं असतं, ज्याला पायलट बेअरिंग म्हणतात. पेडल दाबून पहिला गिअर टाकला आणि गाडी उभी आहे, तेव्हा शाफ्ट पूर्ण थांबलेला आणि इंजिन फिरतं असतं. पायलट बेअरिंगला बोलायचं असेल तर ते याच वेळी बोलतं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या, पुढच्या चाकांना गती देणाऱ्या गाड्यांत ते नसतंच, तेव्हा त्याचं बिल आलं तर जरा विचारून घ्या.

या सगळ्या आवाजांना इंजिन फिरावं लागतं. माझा उंदीर इंजिन बंद करूनही तितक्याच उत्साहाने ओरडत होता. न फिरणारं बेअरिंग घरघरू शकत नाही. म्हणजे दोष अशा भागाचा, जो केवळ माझ्या पायामुळे हलतो: पेडल जिच्याभोवती फिरतं ती खीळ, तिच्यावरची छोटी नळी म्हणजे बुश, परतीची स्प्रिंग, पायाचा जोर क्लचकडे नेणारी केबल किंवा मास्टर सिलिंडर, आणि फार तर गिअरबॉक्सजवळचा फोर्क. फोर्कचा आवाज बाहेरून, बॉनेटखालून येतो. माझा थेट गुडघ्यासमोरून येत होता. (त्याआधी मी बूट काढून आणि पायाखालची मॅट उचलूनही पाहिलं. हसू नका, रबरी तळव्याचा बूट मॅटवर घासून हुबेहूब असाच आवाज येतो.)

मुलाला सीटवर बसवून पेडल दाबायला लावलं आणि मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. या वयात तिथून बाहेर येणं हा वेगळा विषय आहे. अशा चिंचोळ्या जागेत आवाज पत्र्यांवर आपटून सगळीकडून येतो, त्यामुळे कान फसतात. बोट फसत नाही. खिळीच्या टोकावर बोट ठेवलं आणि आवाजाबरोबर नखाला मुंगी आल्यासारखी थरथर जाणवली. स्प्रिंगवर काही नाही, सिलिंडरच्या दांड्यावर काही नाही. मग मुलाला म्हटलं, अगदी हळू दाब. कुईं नाहीसं झालं, त्याजागी कट्, कट्, कट् असे सुटे टिचके ऐकू आले.

त्या टिचक्यांत सगळं भौतिकशास्त्र आहे. दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर टेकलेले असताना त्यांना हलवायला जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोर हलते ठेवायला लागतो. जड कपाट सरकवताना हे आपण अनुभवलेलं असतं: हलता हलत नाही, आणि एकदा हललं की सुळकन पुढे जातं. खिळीपाशी तेच घडतं. बुश खिळीला चिकटून राहतं, पेडलचा दांडा किंचित पिळवटत जातो, ताण पुरेसा झाला की बुश सटकतं, ताण उतरतो, बुश पुन्हा चिकटतं. चिकट-सटक, चिकट-सटक. हळू दाबलं की प्रत्येक सटक वेगळी मोजता येते. नेहमीच्या वेगाने दाबलं की त्यांची माळ होते आणि कान तिला एक सूर समजतो.

हिशेब करून पाहण्याजोगा आहे. पेडल साधारण १५ सेंटिमीटर खाली जातं, त्याचा दांडा सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि खिळीची त्रिज्या ८ मिलिमीटर धरली, तर खिळीपाशी प्रत्यक्ष घासाघीस होते फक्त ४ मिलिमीटर. हे अर्ध्या सेकंदात घडलं आणि आवाज २००० हर्ट्‌झचा असेल, तर प्रत्येक सटक ४ मायक्रोमीटरची. माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा भाग! एवढ्याशा हालचालीने अख्खी गाडी दुमदुमते, कारण पेडलची चौकट इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते. सारंगीचा गज तारेला याच चिकट-सटक पद्धतीने कंप देतो, पण ऐकू येतं ते खालच्या ताणलेल्या कातड्यामुळे. इथे गज म्हणजे बुश आणि कातडं म्हणजे तो पत्रा. त्यातून माणसाचा कान सर्वांत तिखट असतो २००० ते ५००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात, म्हणजे नेमका कुईंच्या मुक्कामी.

सकाळचा पहिला क्लच सर्वांत जोरात ओरडायचा, हेही मला तेव्हा उमगलं. शार्ल कूलोम हा फ्रेंच अभियंता आपल्याला विद्युतभारामुळे माहीत असतो, पण घर्षणावरचं त्याचं काम १७८५ सालचं आहे. पृष्ठभाग जितका जास्त वेळ एकमेकांवर टेकून राहतात तितके ते सुटायला जड जातात, हे त्याने मोजून दाखवलं होतं. रात्रभर विसावलेलं बुश सकाळी त्याचीच साक्ष देत होतं.

आणि हाच चिकट-सटक प्रकार भूकंपामागे असावा, असं ब्रेस आणि बायर्ली या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये सुचवलं. पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबरच्या पहाटे, कोयना हादरलं. भेगेच्या दोन बाजू वर्षानुवर्षं अडकून ताण साठवतात आणि एका क्षणी सटकतात. माझ्या पेडलशी त्याची तुलना करणं जरा आगाऊपणाचं आहे, तरी यंत्रणा तीच.

पेडल नेमकं खिळीपाशीच का ओरडतं, यालाही उत्तर आहे. पाय खाली, खीळ वर, आणि सिलिंडरचा दांडा खिळीच्या जवळ. अशी ही तरफ. तरफेचं गुणोत्तर पाचास एक धरा. पायाने १० किलोचा जोर दिला की दांड्यावर ५० किलो पडतो. मग उरलेल्या ४० किलोंची प्रतिक्रिया कोण पेलणार? खीळ. तीही उलट दिशेने: पाय ढकलतो इंजिनकडे, पण पेडलचं वरचं टोक खिळीला रेटतं आपल्याकडे, ड्रायव्हरच्या दिशेला. दिवसातून हजारदा चाळीस किलोचा भार अंगठ्याच्या नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या नळीवर पडतो, तेही वंगण वाळून गेलेल्या.

पहिला मूर्खपणा मी केलाच. गंज सोडवायचा स्प्रे नळी लावून खिळीत मारला. आवाज तत्क्षणी बंद! मी दोन दिवस घरात मिरवलं, तिसऱ्या दिवशी उंदीर ताजातवाना होऊन परतला. असे स्प्रे बहुतांशी उडून जाणाऱ्या द्रावकाचे असतात. मागे राहते तेलाची झिरझिरीत साय, आणि आधीचं उरलंसुरलं ग्रीसही ते धुऊन नेतात. ग्रीसची गोष्ट वेगळी. साबणाच्या जाळीत तेल धरून ठेवलं की ग्रीस होतं. दाब पडला की तेल पाझरतं, दाब गेला की जाळी ते पुन्हा धरून ठेवते. प्लॅस्टिक आणि रबराशी गाठ असेल तिथे सिलिकोन ग्रीस चांगलं.

इथे एक इशारा गंभीरपणे घ्यावा. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचच्या सिलिंडरमधली रबरी सीलं ब्रेक ऑइलसाठी बनवलेली असतात. खनिज तेल किंवा साधं ग्रीस लागलं की ती फुगतात. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डब्यातून ऑइल घेतात, तेव्हा तिथे चुकून गेलेलं तेल क्लचपुरतं राहत नाही. दांड्याच्या मुळाशी ओल दिसली तर ग्रीस बाजूला ठेवा, सिलिंडर गळतोय. केबलवाल्या गाडीत केबलच करकरत असेल तर तिच्यात तेल ओतण्याचा जुना उपायही आता फारसा उपयोगाचा नाही. आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला तेलाची गरज नसते आणि तेलाला धूळ चिकटते. केबल बदलावी.

रविवारी सकाळी बॅटरीची वायर काढली आणि कामाला लागलो. पेडलला मदत करणारी स्प्रिंग ताणलेली असते, ती पकडीने धरून, तोंड लांब ठेवून सोडवली. खिळीची क्लिप काढली, खीळ सरकवली. दोन बुशं, नव्वद रुपयांची. खीळ फडक्याने पुसून, बारीक पॉलिश पेपरने गंजाचा डाग काढून, सिलिकोन ग्रीसचा पातळ हात देऊन सगळं परत बसवलं. वेळ गेला दीड तास, त्यातला अर्धा तास क्लिप सीटखाली शोधण्यात. ब्रेकच्या पेडलला हात लावला नाही. तिथे शंका आली असती तर मी मेकॅनिककडेच गेलो असतो.

संध्याकाळी जुनी बुशं टेबलावर घेऊन व्हर्नियर कॅलिपर लावला. ड्रायव्हरच्या बाजूला भिंतीची जाडी १.५ मिलिमीटर, जवळजवळ नव्यासारखी. इंजिनच्या बाजूला १.१. पेडल ड्रायव्हरकडे रेटलं जात असेल, तर खिळीवर दाबली जाणार ती बुशची इंजिनकडचीच भिंत.