हॉरिकॉनची दलदल कुणाची? विस्कॉन्सिनमधल्या सार्वजनिक शिकारभूमीची पार्श्वभूमी

शिकारीसाठी राखलेलं रान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिक येतात. कोल्हापूरकरांचं दाजीपूरच घ्या. आज जिथे गवे बघायला गाड्या जातात, ते रान आधी छत्रपतींच्या शिकारीचं होतं. 1958 मध्ये त्याचं अभयारण्य झालं. भरतपूरच्या केवलादेवमध्ये 1938 च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो आले असताना एका दिवसात 4,273 पक्षी पाडले गेले आणि तो आकडा तिथे दगडावर कोरून ठेवलाय. रान राजाचं, बंदूक राजाची आणि हाकारे घालायला रयत. त्यामुळे ‘आम्हाला शिकार करायची आहे, मासे धरायचे आहेत, म्हणून दलदल आणि जंगल सरकारने विकत घेऊन सगळ्यांना खुलं ठेवावं’ ही साध्यासुध्या माणसांची मागणी असू शकते, हे आपल्याला चटकन पटत नाही. अमेरिकेत ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. ती कुठून आली हे बघायचं तर विस्कॉन्सिन राज्यातल्या हॉरिकॉनच्या दलदलीपासून सुरुवात करावी लागते.

मिलवॉकी शहराच्या वायव्येला, रॉक नदीच्या वरच्या अंगाला ही दलदल पसरली आहे. हिमयुगाच्या अखेरीस हिमनदी मागे हटताना जो उथळ खळगा उरला, त्यात पाणी साचून ती तयार झाली. क्षेत्र सुमारे 33,000 एकर. पाणकणसाची बेटं, मध्ये उथळ पाणी, आणि वसंतात व शरदात उत्तर-दक्षिण प्रवास करणारी लाखो बदकं. हो-चंक आणि इतर मूळ रहिवाशांचा हा मुलूख. 1830 च्या दशकातल्या करारांनी तो त्यांच्या हातून गेला. ‘सार्वजनिक जमीन’ हा शब्द पुढे अभिमानाने वापरला गेला, तेव्हा ती मुळात कुणाकडून घेतली हे सांगायचं बहुतेक राहूनच जायचं.

गोऱ्या वसाहतकऱ्यांना दलदल म्हणजे वाया गेलेली जमीन. 1846 मध्ये हॉरिकॉन गावात लाकूड कापायच्या गिरणीसाठी धरण घातलं आणि सगळी दलदल बुडून तळं झालं. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ते भांडत राहिले. शेवटी 1869 मध्ये धरण काढलं आणि पाणी ओसरताच दलदल परत आली. पाठोपाठ बदकं आली आणि त्यांच्या मागून बंदुका. पोटासाठी मारणारे होतेच, पण बाजारासाठी मारणारे जास्त. पिंपात भरलेली बदकं रेल्वेने शहरातल्या हॉटेलांकडे रवाना होत.

1880 च्या दशकात पैसेवाल्यांचे शिकार क्लब आले. त्यांनी दलदलीचे मोठमोठे पट्टे विकत किंवा भाड्याने घेतले, राखणदार नेमले आणि गावकऱ्यांना सांगितलं: इथे फिरकायचं नाही. डायना शूटिंग क्लब हा त्यातला नावाजलेला. बाजारू शिकाऱ्यांना क्लबांनी आळा घातला हे मान्य करायला हवं. पण परसदारातल्या पाण्यावर उतरायला परवानगी मागावी लागते म्हटल्यावर गावं चिडणारच.

त्या चिडीला वाट करून दिली पॉल हस्टिंग नावाच्या वकिलाने. हा जवळच्या मेव्हिल गावचा, डॉज काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) माजी सरकारी वकील आणि पुढे राज्याच्या सिनेटमध्ये बसलेला. तो क्लबच्या मालकीच्या जागेवर, रॉक नदीच्या एका उथळ फाट्यात नाव घेऊन बदकं मारायला गेला. पाणी इतकं कमी की नाव वल्ह्याने नव्हे, लांब काठीने रेटावी लागे. चहूकडे रानभात उगवलेला. क्लबने बेकायदा प्रवेशाचा दावा ठोकला. तळाची जमीन क्लबची, यावर वाद नव्हता. वाद होता तो वरच्या पाण्याचा.

हस्टिंगच्या बाजूने दोन जुने कागद होते. 1787 च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सने, म्हणजे या मुलखाच्या कारभारासाठी केलेल्या केंद्रीय कायद्याने, म्हटलं होतं की मिसिसिपी आणि सेंट लॉरेन्स नद्यांकडे वाहणारं नौकानयनयोग्य पाणी कायम सगळ्यांना खुलं राहील, आणि हेच कलम राज्याच्या 1848 च्या घटनेत आलं होतं. पण वीतभर पाणी नौकानयनयोग्य कसं? इथे लाकूडधंदा उपयोगी पडला. ज्या ओढ्यातून करवतगिरणीकडे जाणारा ओंडका तरंगत जाऊ शकतो तो सार्वजनिक, असं विस्कॉन्सिनच्या न्यायालयांनी आधीच मानलं होतं. 1914 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्टिंगच्या बाजूने निकाल दिला. पाणी सार्वजनिक असेल तर त्यावरून फिरण्याचा, मासे धरण्याचा आणि शिकारीचाही हक्क सगळ्यांचा. खाली जमीन कुणाची हे गौण. आणि घटनेतल्या त्या कलमाचा अर्थ संकुचित लावायचा नाही, असंही न्यायालयाने बजावलं. विस्कॉन्सिनचे शिकारी आणि गळ टाकणारे आजही एक साधा नियम पाळतात: पाय पाण्यात ठेवा. पाण्यात आहात तोवर कुणी हटकू शकत नाही. काठावर चढलात की मालकाची हद्द. हस्टिंग पुढे अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेला आणि 1917 च्या ऑक्टोबरात बदकांच्या शिकारीतच सख्ख्या भावाची गोळी चुकून लागून वारला.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली या खटल्यात आहे. सार्वजनिक शिकारभूमीची कल्पना निसर्गप्रेमातून जन्मली असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. ती आधी हक्काच्या भांडणातून आली. निसर्ग वाचवण्याची गरज नंतर, पाणीच नाहीसं व्हायला लागल्यावर कळली.

कारण न्यायालयात पाण्याचा वाद चालू असतानाच ते पाणी काढून टाकण्याचं काम जोरात सुरू होतं. 1910 ते 1914 च्या दरम्यान दलदलीच्या मधोमध मोठा चर खणला गेला. काळी, भुसभुशीत, सुपीक दिसणारी माती उघडी पडली आणि भाजीपाल्याच्या शेतीची स्वप्नं विकली गेली. शेती काही जमली नाही. चराने पुरेसं पाणी निघेना, आणि जिथे निघालं तिथे माती वाळली आणि पेटली. कुजक्या वनस्पतींचा तो थर एकदा पेटला की जमिनीखालून धुमसत राहतो. वरून पाणी मारून विझत नाही. पक्षी गेले आणि पीकही आलं नाही.

इथे लुई रॅडकी पुढे येतो. ‘कर्ली’ नावाने ओळखला जाणारा हा स्थानिक शिकारी. 1921 पासून त्याने एकच धोशा लावला: धरण परत घाला, पाणी परत आणा. आयझॅक वॉल्टन लीग ही गळ टाकणाऱ्यांची आणि शिकाऱ्यांची संघटना 1922 मध्ये शिकागोत निघाली होती. तिच्या जोरावर त्याने विधिमंडळाचा पिच्छा पुरवला. 1927 मध्ये हॉरिकॉनसाठीचा कायदा झाला. जमीन विकत घ्यायची, धरण बांधायचं, पाण्याची पातळी धरून ठेवायची. धरण उभं राहायला 1934 उजाडलं. उत्तरेकडचा सुमारे दोन तृतीयांश भाग 1941 पासून केंद्र सरकारचं वन्यजीव आश्रयस्थान झाला. दक्षिणेकडचे 11,000 एकर राज्याकडे राहिले. एकाच दलदलीचे दोन मालक आणि दोन नियमावल्या. राज्याच्या भागात शिकारीला अधिक मोकळीक, केंद्राच्या भागात बंधनं जास्त.

पैसा कुठून आला, हा भाग आपल्या वाचकांना नवा वाटेल. 1929 च्या केंद्रीय कायद्याने स्थलांतरी पक्ष्यांसाठी जागा घ्यायचं ठरलं, पण तिजोरीत खडखडाट. त्यात मंदी आणि दुष्काळ, बदकांची संख्या घसरलेली. 1934 च्या मार्चमध्ये ‘डक स्टॅम्प’चा कायदा झाला. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदकशिकाऱ्याने एक डॉलरचं तिकीट घ्यायचं आणि त्यावर शाईने स्वतःची सही करायची. सहीशिवाय तिकीट ग्राह्य नाही. पहिल्या तिकिटावर पाण्यावर उतरणारी मॅलार्ड बदकांची जोडी आहे. ती काढली जे. एन. ‘डिंग’ डार्लिंगने. हा आयोवाचा राजकीय व्यंगचित्रकार, पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळवलेला आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या विरोधी पक्षाचा. तरी रूझवेल्टने त्यालाच त्या वेळच्या वन्यजीव खात्याचा प्रमुख केलं. पहिल्या वर्षी सव्वासहा लाखांहून जास्त तिकिटं खपली. आज त्याची किंमत 25 डॉलर आहे, आणि त्या पैशातून देशभरात 60 लाख एकरांहून जास्त जागा राखली गेली आहे. अलीकडे बंदूक कधी हातात न धरलेले पक्षिनिरीक्षकही ते घेतात, कारण आश्रयस्थानांत प्रवेशासाठी तेच चालतं.

1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा अबकारी कर वन्यजीवांसाठी राज्यांकडे वळवला. 1950 मध्ये मासेमारीच्या सामानाबाबत तसंच झालं. यात एक खुबीची अट आहे. शिकार परवान्यांची फी राज्याने वन्यजीव खात्याबाहेर वळवली तर केंद्राचा हिस्सा बंद. सरकारी तिजोरीत गेलेला पैसा भलतीकडे कसा जातो हे जिथल्या माणसांना माहीत असतं, तिथेच अशा अटी सुचतात.

पैसा शिकाऱ्यांचा म्हटल्यावर हक्कही त्यांनी मागितला. आश्रयस्थान म्हणजे पक्ष्यांना आसरा, मग तिथे बंदूक कशी? 1949 मध्ये आश्रयस्थानाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत भाग शिकारीला खुला करायची सोय झाली, 1958 मध्ये ती मर्यादा चाळीस टक्के झाली. 1997 च्या कायद्याने सहा उपयोगांना प्राधान्य दिलं: शिकार, मासेमारी, वन्यजीव निरीक्षण, छायाचित्रण, पर्यावरण शिक्षण आणि निसर्गाची माहिती देणं. 1972 च्या आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या माणसाला ही यादी वाचताना अडखळायला होतं. मलाही झालं.

हॉरिकॉनला तर यश डोईजड झालं. पाणी परतल्यावर कॅनडा गूज हे रानहंस इतके जमू लागले की 1970 च्या दशकात शरदात दोन लाखांच्या वर पक्षी उतरत. आजूबाजूचे मक्याचे शेतकरी वैतागले, आणि ज्यांना बोलावण्यासाठी एवढी खटपट केली त्यांनाच हुसकावायची वेळ खात्यावर आली. 1990 मध्ये दलदल आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली.

आता जंगलाचं. उत्तर विस्कॉन्सिनमधला पांढरा पाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळपास साफ झाला होता. कंपन्या खुंट मागे ठेवून गेल्या. त्या खुंटांमध्ये शेती करायला आणलेल्यांचे हाल झाले. माती हलकी, हंगाम छोटा. कर थकले, जमिनी काउंट्यांच्या गळ्यात पडल्या. 1927 च्या वनकायद्यानंतर काउंट्यांनी त्या जमिनींवर पुन्हा झाडी वाढवायला घेतली. 1933 मध्ये ओनायडा काउंटीने देशातला पहिला ग्रामीण झोनिंग नियम (कुठली जमीन कशाला वापरायची हे ठरवणारा) करून जंगलपट्ट्यात कायम वस्तीला मनाई केली, कारण एखाददुसऱ्या घरासाठी रस्ता आणि शाळा परवडत नव्हती. आज अशी काउंटी जंगलं 24 लाख एकरांच्या घरात आहेत: लाकूडतोडही चालते, हरणांची शिकारही. कुणी दूरदृष्टीने राखलेलं हे वैभव नाही. कुणालाच नको असलेली जमीन सार्वजनिक झाली, एवढंच.

1961 मध्ये गव्हर्नर गेलॉर्ड नेल्सनने सिगारेटच्या पाकिटावर एक सेंट कर बसवून जमीनखरेदीचा मोठा कार्यक्रम आणला. जमीनखरेदीसाठीच्या 1989 पासूनच्या स्टुअर्डशिप निधीला पुढे त्याचं आणि गव्हर्नर वॉरन नोल्सचं नाव मिळालं. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. दोन्ही पक्षांची ती सहमती मात्र टिकली नाही. शिकारी घटत आहेत: 2000 मध्ये हरणांच्या बंदूक-हंगामाचे परवाने सहा लाखांच्या वर होते, अलीकडे साडेपाच लाखांच्या आसपास. परवाने घटले की खात्याचं उत्पन्न घटतं. शिवाय उत्तरेकडचे काही आमदार म्हणतात, सरकारी जागा पुरे झाली, आमच्या गावांना वाढायला जागा ठेवा.

2023 मध्ये याच ओनायडा काउंटीतल्या आणि लगतच्या पेलिकन रिव्हर जंगलाच्या सुमारे 56,000 एकरांसाठीचा निधी विधिमंडळाच्या अर्थसमितीने अडवला. 2024 मध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी केंद्राचा पैसा वापरून व्यवहार पुरा केला, आणि त्याच वर्षी जुलैत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 1 मतांनी समितीचा असा नकाराधिकार रद्द केला. तिथे जमीन सरकारने घेतलेली नाही. मालकी खासगीच राहिली आहे, झाडं तोडून विकायची मुभाही. मालकाने कायमचा सोडलाय तो जमिनीचे तुकडे पाडून बांधकाम करण्याचा हक्क, आणि शिकारीला, मासेमारीला येणाऱ्यांना अडवण्याचा.